झाडीपट्टी रंगभूमी

महाराष्ट्राच्या पूर्व भागातील चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा व गोंदिया या जिल्ह्यांत दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगावी रात्रभर नाट्यप्रयोग सादर करणारी व्यावसायिक रंगभूमी. घनदाट अरण्यामुळे हा प्रदेश ‘झाडी’ या नावाने ओळखला जातो आणि त्यावरून ‘झाडीपट्टी’ हे नाव रूढ झाले. महानुभाव वाङ्मयातही झाडी या प्रदेशनामाचा उल्लेख आढळतो. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. या नव्या जिल्ह्याचे सुमारे तीन-चतुर्थांश क्षेत्र वनांखाली आहे. मोठी शहरे नाहीत आणि कायमची नाट्यगृहे जवळजवळ नाहीत, अशा या प्रदेशात दर हंगामात शेकडो नाट्यप्रयोग होतात व ते तिकीट काढून पाहिले जातात, ही गोष्ट मराठी रंगभूमीच्या इतिहासात विशेष लक्षणीय आहे.

या रंगभूमीचे क्षेत्र मुख्यत्वे वैनगंगेच्या दोन्ही तीरांवरील भातशेतीचा पट्टा होय. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल, देसाईगंज, आरमोरी, कुरखेडा, चामोर्शी इ. तालुक्यांत तिचा विशेष प्रसार आहे. गडचिरोलीच्या दक्षिणेकडील माडिया गोंडांची वस्ती व तेलुगू भाषेचा प्रभाव असलेला भाग बहुतांशी तिच्या कक्षेबाहेर राहतो. तेथे रेला व ढोल यांच्या तालावरील नृत्यगीतांची परंपरा वेगळी आहे.

झाडीपट्टीतील नाटकाला सव्वाशे ते दीडशे वर्षांची परंपरा असल्याचे सांगितले जाते. तिची पाळेमुळे दंडार या लोकनाट्यप्रकारात शोधली जातात. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते. त्या वेळी पुरुष कलावंत स्त्रीवेषासह विविध सोंगे घेऊन गाणी, नृत्य व विनोदी संवाद सादर करीत. बैठी, खडी व परसंगी असे दंडारीचे प्रकार मानले जातात. परसंगी दंडारीत एखादा प्रसंग वा कथाभाग संवादरूपाने मांडला जाई आणि नाटकाशी तिचे नाते सर्वांत निकटचे होय. खडी गंमत, डहाका, भिंगीसोंग, दंडीगान अशा अन्य प्रकारांनीही येथील प्रेक्षकाची अभिरुची घडविली. सांगलीत १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर नाटकाने आरंभिलेली नाट्यपरंपरा आणि १८८० मध्ये पुण्यात संगीत शाकुंतलाने सुरू झालेले संगीत नाटकाचे युग यांचे पडसाद यथावकाश झाडीपर्यंत पोहोचले. तथापि बाहेरून आलेले नाटक येथे रुजले ते दंडारीने तयार केलेल्या भूमीवर. रात्रभर जागण्याची सवय, गाण्याची ओढ आणि हास्य व करुण यांना एकाच खेळात स्थान देण्याची रीत ही त्या भूमीचीच देणगी होय.

फिरत्या करमणुकीच्या इतर व्यवसायांशी तुलना केल्यास या रंगभूमीचे वेगळेपण स्पष्ट होते. विष्णुपंत छत्रे यांनी १८८० मध्ये उभारलेल्या सर्कशीने फिरत्या व्यवसायाचा एक नमुना घालून दिला. तंबू, जनावरे, खेळाडू व तिकीटविक्री हे सर्व मालकाचे असते. सर्कस गावात येते, पैसा मिळवते आणि निघून जाते. गाव तेथे केवळ प्रेक्षक असतो. झाडीपट्टीत हा क्रम उलटा आहे. येथे नाटक मंडळी कलावंत, वेषभूषा, पडदे व वाद्ये घेऊन येते. परंतु मंडप गाव उभारतो, तिकिटे गाव विकतो आणि नफातोट्याचा धनीही गावच असतो. गावातील तरुणांचे मंडळ ठराविक रक्कम देऊन एका रात्रीचा प्रयोग विकत घेते. शिल्लक उरल्यास ती देवळाच्या, शाळेच्या वा अन्य सार्वजनिक कामी लावण्याची प्रथा आहे. तूट आल्यास ती मंडळाच्या सभासदांना सोसावी लागते. निर्माता, यजमान व प्रेक्षक या तीनही भूमिका गावाकडे असणे हेच या रंगभूमीच्या टिकाऊपणाचे मुख्य कारण म्हणता येईल.

गोंदिया–चांदा फोर्ट लोहमार्गावरील देसाईगंज (वडसा) हे या व्यवसायाचे केंद्र आहे. सुमारे पन्नास नाटक मंडळ्या या परिसरात कार्य करतात. हंगामाच्या तोंडावर त्यांची कार्यालये थाटली जातात, दर्शनी भागी नव्या नाटकांचे फलक लागतात आणि गावोगावचे प्रतिनिधी तारखा ठरविण्यासाठी येतात. कोणते नाटक, कोणता विनोदी नट आणि कोणती गायिका मिळणार याची चौकशी करूनच व्यवहार ठरतो.

प्रयोगाचा दिवस हा गावाचा उत्सवच असतो. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, आणि रात्री नाटक अशी जोडी पूर्वापार चालत आलेली आहे. धानाची कापणी आटोपलेली वा आटोपत आलेली असते व हाती थोडा पैसा असतो. घरोघरी पाहुणे येतात. माहेरवाशिणी मुलाबाळांसह येतात. याच मुक्कामात उपवर मुलामुलींच्या सोयरिकीची बोलणीही होतात. त्यामुळे नाटक न झाले तर गावाचे एका करमणुकीपेक्षा पुष्कळ अधिक नुकसान होते.

रात्रीचे जेवण उरकून लोक अंथरूण-पांघरुणासह मंडपात जमू लागतात. पुढे खुर्च्या व मागे जमिनीवरील बैठक अशी सामान्यतः रचना असते. दहाच्या सुमारास नांदी वा स्तवन होऊन प्रयोग सुरू होतो आणि पहाटेपर्यंत चालतो. हार्मोनियम वा ऑर्गन, तबला व अलीकडे विद्युत् तालवाद्ये यांची साथ प्रत्यक्ष रंगमंचाजवळ बसून केली जाते. संगीत नाटकाची परंपरा शहरांत क्षीण झाल्यावरही येथे नटाने गाणे ही अपेक्षा कायम राहिली. गंभीर प्रवेशामागून विनोदी प्रवेश, त्यानंतर गाणे वा लावणी, अशी योजना असते. थंडीत बसलेल्या हजारो प्रेक्षकांना जागे ठेवणे हे या योजनेमागील व्यावहारिक सूत्र होय. मुले आयांच्या मांडीवर झोपी जातात, आवडत्या विनोदी नटाच्या प्रवेशाला त्यांना उठविले जाते, आणि उजाडताना गाव घरी परततो.

येथील प्रयोगपद्धतीत प्रॉम्प्टरचे स्थान असाधारण आहे. तालमींना वेळ अपुरा असतो. एकच नट एका हंगामात अनेक नाटकांत भूमिका करतो आणि काही वेळा एखादी भूमिका आयत्या वेळी स्वीकारतो. अशा वेळी विंगेत बसून संपूर्ण संहिता वाचणारा प्रॉम्प्टर हाच प्रयोगाचा कणा ठरतो. त्याचे वाक्य कानांनी टिपत, त्याच क्षणी त्याला भावना व हालचाल यांची जोड देण्याचे कौशल्य झाडीपट्टीच्या नटाला आत्मसात करावे लागते. शहरी समीक्षेला यात उणीव दिसते. तथापि श्रवण, स्मरण व उत्स्फूर्तता यांवर उभी असलेली ही एक स्वतंत्र अभिनयशिस्तच होय.

कलावंतांना प्रयोगागणिक मानधन मिळते. त्यांपैकी पुष्कळजण वर्षाचे उरलेले महिने शेती वा मजुरी करतात. पूर्वी स्त्रीभूमिका पुरुष करीत. पुढे स्त्रिया रंगमंचावर आल्या आणि नागपूर, पुणे, मुंबई येथूनही अभिनेत्री हंगामापुरत्या येऊ लागल्या. संध्याकाळी वडशाहून निघायचे, रात्रभर प्रयोग करायचा आणि पहाटे परतून पुढच्या गावाची तयारी करायची, असा क्रम चार महिने चालतो. जंगलातील रस्ते, अपुरी झोप व वाहनांचे अपघात ही या जीवनाची दुसरी बाजू आहे. १९८० च्या सुमारास या भागात शिरलेल्या नक्षलवादी चळवळीमुळे काही तालुक्यांत रात्रीचा प्रवास अधिकच जोखमीचा झाला.

विषयांच्या दृष्टीने आरंभीची पौराणिक व ऐतिहासिक नाटके मागे पडून कौटुंबिक व सामाजिक नाटकांना प्राधान्य मिळाले. हुंडा, व्यसन, जातिभेद, विधवेचे जिणे, सावकारी व शेतकऱ्यांचे प्रश्न हे नेहमीचे विषय होत. चंद्रपूर जिल्ह्यातील नवरगाव येथील नाटककार व दिग्दर्शक सदानंद बोरकर यांचे आत्महत्या हे शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवरील नाटक विशेष गाजले. गडचिरोली जिल्ह्यातील ज्येष्ठ नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री हा किताब देण्यात आला. पाच हजारांवर प्रयोग व सुमारे आठशे भूमिका त्यांच्या नावावर सांगितल्या जातात. तृशांत इंगळे दिग्दर्शित झॉलीवूड (२०२२) या चित्रपटामुळे ही रंगभूमी बाहेरच्या प्रेक्षकांनाही परिचित झाली.

या रंगभूमीपुढील प्रश्नांत भाषेचा प्रश्न महत्त्वाचा आहे. झाडीबोलीत ण, ळ, छ, श, ष हे वर्ण नाहीत. ‘डोळा’ हा शब्द तीत ‘डोरा’ होतो. या बोलीच्या अभ्यासासाठी व प्रतिष्ठेसाठी हरिश्चंद्र बोरकर यांनी दीर्घकाळ कार्य केले. तथापि नाटकांतील नायक-नायिका बहुधा प्रमाण मराठी बोलतात आणि बोली विनोदी पात्रांच्या वाट्याला येते. प्रेक्षकाची स्वतःची भाषा त्याच्याच रंगमंचावर हास्यापुरती उरावी, ही विसंगती आहे. नृत्याचा वाढता भरणा, संहितांचा अल्प टिकाऊपणा व दंडारीचा ऱ्हास हेही चिंतेचे विषय आहेत. बहुसंख्य संहिता हस्तलिखित वा टंकलिखित स्वरूपात मंडळ्यांजवळच राहिल्याने त्या हंगामाबरोबर विस्मृतीत जातात.

अलीकडच्या काळात या रंगभूमीची दोनदा कसोटी लागली. सर्वोच्च न्यायालयाच्या ७ मे २०१४ च्या निर्णयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी आली आणि शंकरपट थांबले. डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने शर्यतींना अटींसह परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये राज्याचा संबंधित कायदा वैध ठरविला. दिवसाचा पट गेला, तरी मधल्या वर्षांत रात्रीचे नाटक थांबले नाही. मंडई, जत्रा व अन्य निमित्तांनी प्रयोग होत राहिले. २०२०-२१ च्या हंगामात मात्र करोना महामारीमुळे माणसांनी एकत्र जमणेच अशक्य झाले. प्रयोग ठप्प झाले आणि केवळ रंगमंचावर अवलंबून असलेल्या कलावंतांचे व वादकांचे हाल झाले. निमित्त नाहीसे झाले तरी ही रंगभूमी तग धरते. गावाचे एकत्र येणे थांबले तर ती तग धरीत नाही, हे या दोन प्रसंगांवरून दिसून येते. महामारी ओसरल्यावर मंडप पुन्हा उभे राहिले, ते गावांनीच उभे केले.