हॅलोवीन म्हणजे काय? भुतांचा सण, भोपळ्याचं पीक आणि सरकत चाललेली पानगळ

ऑक्टोबर संपत आला की अमेरिका, कॅनडा, आयर्लंड आणि ब्रिटनमध्ये घराघरांच्या पायऱ्यांवर कोरलेले भोपळे दिसू लागतात. त्रिकोणी डोळे, दातवासलेलं तोंड आणि आत मिणमिणणारी मेणबत्ती. अंगणात प्लास्टिकचे सांगाडे उभे राहतात, खिडक्यांवर खोटी कोळिष्टकं लटकतात. ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी लहान मुलं भूत, चेटकीण किंवा आवडत्या सुपरहिरोचा वेश करून दारोदार खाऊ मागत फिरतात.

हॅलोवीन दिसायला भुताखेतांचा सण असला, तरी त्याचं मूळ ऋतुबदलात आहे. उन्हाळा आणि सुगी संपून थंडीचे, अंधाराचे महिने सुरू होतात, ती वेळ साधणारा हा सण. त्याची तारीख ठरलेली आहे, पण ज्या ऋतूवर ती बेतलेली आहे तो ऋतू आता थोडा थोडा पुढे सरकतोय. त्याचा परिणाम पानांच्या रंगापासून भोपळ्याच्या शेतीपर्यंत आणि चॉकलेटच्या किमतीपर्यंत दिसू लागला आहे.

हॅलोवीनची सुरुवात कुठून झाली?

आयर्लंड आणि स्कॉटलंडमध्ये ख्रिस्ती धर्म येण्याआधीपासून 'साउइन' नावाचा सण पाळला जात होता, असं मानलं जातं. हा सण म्हणजे सुगीचा शेवट आणि हिवाळ्याची सुरुवात. उन्हाळ्यात डोंगरावरच्या कुरणांत चरणारी गुरं या सुमारास खाली आणली जात. हिवाळाभर पोसता येणार नाहीत अशी जनावरं कापली जात. टेकड्यांवर मोठे जाळ पेटवले जात.

या रात्री जिवंत माणसांचं जग आणि पलीकडचं जग यांच्यातला पडदा विरळ होतो, अशी समजूत होती. आयर्लंडमधल्या रॉसकॉमन परगण्यात 'उवेनागात' नावाची एक गुहा आहे. मध्ययुगीन आयरिश कथांमध्ये भयंकर जीव या गुहेतून बाहेर पडतात. साउइनची बरीचशी माहिती अशा नंतरच्या हस्तलिखितांमधून मिळते, कारण त्या काळच्या लोकांनी स्वतः फारसं लिहून ठेवलं नव्हतं.

ख्रिस्ती चर्चने १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस ठरवला. आठव्या शतकात पोप तिसरे ग्रेगरी यांनी रोममध्ये सर्व संतांच्या नावे एक प्रार्थनास्थळ अर्पण केलं. नवव्या शतकात हा दिवस पश्चिम युरोपभर रुजला. चर्चने ही तारीख साउइनमुळेच निवडली का, यावर इतिहासकारांचं एकमत नाही. या दिवसाची आदली संध्याकाळ म्हणजे 'ऑल हॅलोज ईव्ह' आणि त्याचाच अपभ्रंश हॅलोवीन.

२ नोव्हेंबर हा मृतात्म्यांचा दिवस असतो. गोवा आणि वसईतले कॅथलिक या दिवशी कबरस्तानात जाऊन आप्तांच्या कबरी फुलांनी सजवतात आणि मेणबत्त्या लावतात. त्यात भुताखेतांचा खेळ नसला, तरी दिनदर्शिकेत हे दिवस एकाच माळेतले आहेत.

सलगमाच्या जागी भोपळा कसा आला?

आयर्लंड आणि स्कॉटलंडमध्ये आधी कंदिलासाठी सलगम किंवा तसलेच कंद कोरत. त्यामागे एक लोककथा सांगितली जाते. जॅक नावाच्या कंजूष आणि लबाड माणसाने सैतानालाच फसवलं. मेल्यावर त्याला स्वर्गात जागा मिळाली नाही आणि सैतानानेही नरकाचं दार लावून घेतलं. वाटेत उजेडाला म्हणून सैतानाने त्याला एक निखारा दिला. तो कोरलेल्या सलगमात ठेवून जॅक अजूनही भटकतो आहे. 'जॅक ओ लँटर्न' हे नाव या कथेशी जोडलं जातं.

१८४५ ते १८५२ या काळात आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक करप्याने गेलं. सुमारे दहा लाख माणसं मेली आणि त्याहून अधिक देश सोडून गेली. त्यातले बरेच जण अमेरिकेत पोहोचले. स्कॉटिश लोकही तिकडे स्थायिक होत होतेच. त्यांनी आपले सण सोबत नेले. तिथे सलगमापेक्षा मोठा, मऊ आणि कोरायला सोपा असा भोपळा हाताशी होता. भोपळा मूळचा अमेरिका खंडातलाच. मेक्सिकोत भोपळावर्गीय पिकांची लागवड होऊन सुमारे दहा हजार वर्षं झाली आहेत.

दारोदार खाऊ मागण्याची आजची पद्धत उत्तर अमेरिकेत १९२० आणि १९३० च्या दशकांत रूढ झाली. खाऊ द्या, नाहीतर खोडी काढू, असा त्या मागणीचा अर्थ. दुसऱ्या महायुद्धात साखरेचं रेशनिंग होतं. ते उठल्यावर ही पद्धत झपाट्याने पसरली. आता हॅलोवीन हा अमेरिकेतला मोठा व्यापारी हंगाम आहे. तिथल्या किरकोळ व्यापाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेने २०२३ मध्ये यावरचा खर्च १२ अब्ज डॉलरहून अधिक होईल, असा अंदाज वर्तवला होता.

पानगळ उशिरा का होतेय?

अमेरिकेत या ऋतूला 'फॉल' म्हणतात, म्हणजे पानगळ. व्हरमाँट, न्यू हॅम्पशायर, मेन या ईशान्येकडच्या राज्यांत मेपलची झाडं लाल, केशरी, पिवळी होतात. ते पाहायला लाखो पर्यटक येतात.

दिवस लहान होऊ लागले आणि गारवा वाढला की झाड पानांतलं हिरवं हरितद्रव्य मोडायला लागतं. त्यामागे दडलेला पिवळा आणि केशरी रंग मग दिसू लागतो. लाल रंग मात्र आधीपासून नसतो. तो पानात याच काळात नव्याने तयार होतो. त्यासाठी दिवसा स्वच्छ ऊन आणि रात्री गारवा लागतो, पण दहिवर गोठेल इतकी थंडी चालत नाही.

दिवस किती लहान होणार, हे ठरलेलं आहे. त्यात बदल होत नाही. बदलतंय ते तापमान. रात्री उबदार राहिल्या की रंग उशिरा चढतो आणि लाल छटा फिकी पडू शकते. उन्हाळ्यात कडक दुष्काळ पडला, तर उलट होतं आणि पानं रंग धरण्याआधीच वाळून गळतात. मेन राज्यातल्या अकेडिया राष्ट्रीय उद्यानात १९५० च्या तुलनेत रंगांचा बहर आता जवळपास दोन आठवडे उशिरा येतो, असं संशोधकांना आढळलं आहे.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या नोंदींनुसार, विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून देशाच्या मुख्य भूभागात पिकं वाढण्याचा हंगाम दोन आठवड्यांहून अधिक लांबला आहे. म्हणजे वसंतातलं शेवटचं हिमकडं लवकर पडून जातं आणि शरदातलं पहिलं उशिरा पडतं.

हंगाम लांबला तर भोपळ्याचा फायदाच नाही का?

वरवर पाहता तसं वाटतं. पण भोपळ्याच्या शेतकऱ्याला लांब हंगामापेक्षा नेमका हंगाम हवा असतो.

कोरायच्या भोपळ्याची लावणी साधारण मे अखेर ते जूनमध्ये होते. वाणानुसार ९० ते १२० दिवसांत फळ तयार होतं. ते सप्टेंबरअखेर बाजारात यावं लागतं आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत टिकावं लागतं. १ नोव्हेंबरला त्याला गिऱ्हाईक नसतं. त्यामुळे पीक पंधरा दिवस उशिरा आलं तरी नुकसान आणि पंधरा दिवस लवकर येऊन सडलं तरी नुकसान.

उष्णतेचा पहिला फटका फुलांना बसतो. भोपळ्याच्या वेलीवर नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात. दिवसाचं तापमान ३२ अंश सेल्सियसच्या वर जाऊ लागलं आणि रात्रीही उकाडा राहिला, तर नर फुलं वाढतात आणि मादी फुलं कमी येतात किंवा गळतात. प्रत्येक फूल एकच सकाळ उमललेलं असतं. तेवढ्यात मधमाशी आली नाही, तर फळ धरत नाही.

दुसरा फटका पावसाचा. जास्त ओलाव्यात भुरी, केवडा आणि फळकूज हे रोग पसरतात. अमेरिकेत भोपळ्याच्या पिकात इलिनॉय राज्य आघाडीवर आहे. तिथला बहुतांश भोपळा कोरण्यासाठी नव्हे, तर डबाबंद गरासाठी पिकवला जातो. २००९ मध्ये काढणीच्या वेळी इतका पाऊस झाला की यंत्रं चिखलात रुतली आणि बरंच पीक शेतातच राहिलं. २०१५ मध्ये जूनच्या अतिवृष्टीने उत्पादन घटलं. दोन्ही वर्षी डबाबंद भोपळ्याची टंचाई जाणवली.

भोपळा कुजवणाऱ्या रोगांमध्ये 'फायटोफ्थोरा' गटातला एक जंतू शेतकऱ्यांना सर्वात जास्त धास्तावतो. शेतात पाणी साचलं की तो झपाट्याने पसरतो. आयर्लंडमधला बटाटा नासवणारा जंतू याच गटातला होता. विदर्भातल्या संत्रा बागायतदारांनाही हा गट ओळखीचा आहे, कारण संत्र्यावरचा डिंक्या रोग त्याच्यामुळेच होतो.

यावर उपाय होत आहेत. गादीवाफ्यांवर लावणी करून पाण्याचा निचरा करणं, ठिबक सिंचन, एकाच वेळी सगळी लावणी न करता टप्प्याटप्प्याने करणं, फळ मातीला टेकू नये म्हणून खाली राय गवताचं आच्छादन ठेवणं आणि रोगाला दाद न देणारे वाण शोधणं. यातल्या प्रत्येक गोष्टीला खर्च येतो आणि तो लहान शेतकऱ्याला जड जातो.

सणाच्या दिवशीची हवा आणि हवामान बदल

एका दिवसाची हवा म्हणजे हवामान बदल नव्हे. हॅलोवीनला थंडी, वारा, बर्फ हे सगळं पूर्वीही होत आलं आहे. १९९१ मध्ये ३१ ऑक्टोबरला मिनेसोटात सुरू झालेल्या हिमवादळाने मिनिआपोलिस आणि सेंट पॉल या जुळ्या शहरांत चार दिवसांत सुमारे ७२ सेंटीमीटर बर्फ पडला. उत्तरेकडच्या थंड भागांत कोटावरून घालता येईल असा ढगळ वेश घ्यायची पद्धत आहे, ती उगाच नाही.

२०१२ मध्ये २९ ऑक्टोबरला सँडी वादळ न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर धडकलं. रस्त्यांवर झाडं आणि विजेच्या तारा पडल्या होत्या. त्यामुळे राज्यपालांनी आदेश काढून मुलांचा खाऊचा फेरा ५ नोव्हेंबरवर ढकलला. वादळं पूर्वीही येत होती. पण समुद्राची पातळी वाढल्यामुळे सँडीच्या वेळी पाणी अधिक आत शिरलं, असं अभ्यास सांगतात.

२०२४ चा ऑक्टोबर वेगळ्या कारणाने लक्षात राहिला. फिलाडेल्फियात संपूर्ण महिन्यात मोजण्याइतकाही पाऊस पडला नाही. हॅलोवीनच्या दिवशी ईशान्य अमेरिकेत अनेक ठिकाणी पारा २५ अंशांच्या पुढे गेला. अशा उकाड्यात कोरलेल्या भोपळ्याला दोन-तीन दिवसांतच बुरशी येते. म्हणून भोपळा सणाच्या अगदी आदल्या दिवशी कोरावा, असा सल्ला आता अनेक ठिकाणी दिला जातो. एखाद्या वर्षाने काही सिद्ध होत नसलं, तरी दशकांच्या सरासरीत शरद ऋतू उबदार होतोय.

चॉकलेट आणि कचरा

मुलांच्या पिशवीतल्या चॉकलेटचा कोको बहुतांशी पश्चिम आफ्रिकेतून येतो. जगातला निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांत पिकतो. तिथे आधी अतिवृष्टी, मग उष्णता आणि कोरडी हवा, जोडीला झाडांवरचे रोग, यांमुळे पीक घटलं. २०२४ मध्ये कोकोचा भाव टनाला १०,००० डॉलरच्या वर गेला. अनेक कंपन्यांनी किमती वाढवल्या किंवा वड्या लहान केल्या.

सण झाल्यावर लाखो भोपळे कचऱ्यात जातात. कचराभूमीत हवेविना कुजताना त्यातून मिथेन वायू निघतो आणि तो तापमानवाढीला हातभार लावतो. त्यामुळे अनेक गावांत भोपळे गोळा करून त्यांचं खत केलं जातं किंवा ते जनावरांना चारले जातात. भोपळ्यात बसून लेकीकडून परतणाऱ्या म्हातारीच्या गोष्टीवर वाढलेल्या आणि घारगे खाणाऱ्या मराठी माणसाला भोपळा फेकून देणं तसंही पटणार नाही. मात्र कोरायचे वाण पाणचट असतात, खायला गोड वाण वेगळे असतात.

दिनदर्शिका आणि ऋतू

अमेरिकेतल्या मराठी घरांमध्ये हॅलोवीन आणि दिवाळी अनेकदा पाठोपाठ येतात. २०२४ मध्ये तर ३१ ऑक्टोबरलाच नरक चतुर्दशी होती. आपल्या पंचांगात महिने ऋतूंपासून फार दूर जाऊ नयेत म्हणून अधिक महिना धरला जातो. पण ही सोय सूर्य आणि चंद्राच्या गतीतल्या फरकासाठी आहे, ऋतूच बदलू लागला तर ती पुरी पडत नाही.

भारतीय हवामान विभागाने २०२० मध्ये मान्सूनच्या सर्वसाधारण तारखा सुधारल्या, तेव्हा हेच दिसलं. मान्सून वायव्य भारतातून परतू लागण्याची तारीख १ सप्टेंबरवरून १७ सप्टेंबरवर गेली. मुंबईतून तो परतण्याची तारीख आता ८ ऑक्टोबर धरली जाते.

हवामान विभागाला तारीख बदलता येते. सणाला ती सहजासहजी बदलता येत नाही, आणि ३१ ऑक्टोबरला भोपळा तयार हवा असलेल्या शेतकऱ्यालाही नाही. त्याला बदलायची आहे ती लावणीची वेळ, वाण आणि पाण्याची सोय. मुलांना दारात उजळलेला भोपळा दिसणार की नाही, हे यापुढे बरंचसं त्यावर अवलंबून राहील.