डिजिटल गिटार अ‍ॅम्प्लिफायरमधील स्पीकरचे प्रतिरूपण : मिरजेच्या तंबोऱ्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
तंबोऱ्याच्या तारेचा नाद भोपळ्यामुळे भरदार होतो. भरीव लाकडाच्या इलेक्ट्रिक गिटारला असा भोपळा नसतो. ते कार्य स्पीकर व त्याची लाकडी पेटी पार पाडतात. म्हणून गिटारचा स्पीकर हा वाद्याचाच एक अवयव ठरतो. डिजिटल प्रतिरूपणात या अवयवाला कोणते स्थान मिळाले, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

स्पीकरची गुणवैशिष्ट्ये :
१९६०च्या दशकात इंग्लंडमधील मार्शल कंपनीने सेलेशनचे १२ इंची चार स्पीकर एका पेटीत बसविले. अशा स्पीकरचा कागदी शंकू सुमारे ५,००० हर्ट्झच्या वरचे ध्वनी क्षीण करतो. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ध्वनिलहरींची टोके कापली जाऊन जो कर्कशपणा निर्माण होतो, तो येथे गाळला जातो.

प्रतिरूपणाचे टप्पे :
१९८९ मधील 'सॅन्सअ‍ॅम्प' या उपकरणात ही गाळणी साध्या इलेक्ट्रॉनिक मंडलांनी साधली होती. १९९८ मध्ये 'लाइन सिक्स' कंपनीच्या 'पॉड'ने अ‍ॅम्प्लिफायर व स्पीकर या दोहोंची डिजिटल प्रतिरूपे एका लहान उपकरणात आणली. पुढे 'इम्पल्स रिस्पॉन्स' पद्धत रूढ झाली. स्पीकरला क्षणिक स्पंद दिल्यास तो कसा निनादतो, हे नोंदवून ती नोंद गिटारच्या संकेताच्या प्रत्येक क्षणाला लावली जाते. हे गणित विलंबाविना करण्याची रीत विल्यम गार्डनर यांनी १९९५ मध्ये मांडली, तर चढत्या वारंवारतेच्या स्वराने अचूक मापन करण्याची रीत अँजेलो फरिना यांनी २००० मध्ये मांडली. २०१७ मध्ये सेलेशननेच आपल्या स्पीकरच्या अशा नोंदी विक्रीस आणल्या.

मर्यादा :
अशा नोंदीत स्पीकरबरोबर पेटी, मायक्रोफोन व त्याचे अंतरही सामावलेले असते. मायक्रोफोन काही बोटे सरकला तरी नोंद बदलते. तसेच आवाज वाढविल्यावर शंकूच्या वर्तनात होणारा बदल एका नोंदीत उतरत नाही.

मिरजेच्या तंबोऱ्याचा संदर्भ :
मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये तंबोरा व वीणेच्या घोडीचा अभ्यास करून, वक्र घोडीमुळे तारेच्या नादाला वेगळी समृद्धी येते, हे दाखविले. तार व घोडी यांचा हा वारंवार होणारा स्पर्श म्हणजेच जवारीचे मर्म होय. तो स्पर्श तारेच्या आंदोलनानुसार बदलतो. त्यामुळे भोपळ्याचा निनाद इम्पल्स रिस्पॉन्समध्ये बऱ्याच अंशी उतरला, तरी जवारी उतरत नाही. तिचे गणित, व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरप्रमाणेच, स्वतंत्रपणे मांडावे लागते.

निष्कर्ष :
१. गिटारच्या डिजिटल प्रतिरूपणाचा इतिहास हा स्पीकरला वाद्याचा भाग म्हणून मान्यता मिळण्याचा इतिहास आहे.
२. इम्पल्स रिस्पॉन्स म्हणजे संपूर्ण वाद्य नव्हे. ती एका ठिकाणाहून ऐकलेल्या निनादाची नोंद असते.
३. मिरजेच्या तंबोऱ्याचे डिजिटल जतन करताना मायक्रोफोनचे स्थान, घोडीचा आकार व जवारीच्या दोऱ्याची जागा यांची नोंद अनिवार्य मानावी. अन्यथा भोपळ्याचा आवाज जपला जाईल आणि कारागिराच्या हाताने साधलेली जवारी हरवेल.