कोनी आयलंडचे तीन कोस्टर

ऑनसाईटला जर्सीत होतो तेव्हाची गोष्ट. एका रविवारी रूममेट म्हणाला, "चल, कोनी आयलंडला जाऊ, सायक्लोनमध्ये बसू." न्यूयॉर्कच्या सबवेचं अगदी शेवटचं स्टेशन, पुढे थेट समुद्र. तो खडखडणारा कोस्टर बघून मी म्हटलं, "आधी माहिती काढतो, मग बसू." (इंजिनिअर माणूस, काय करणार!)

तर मंडळी, अमेरिकेतला कोस्टरचा धंदा रुळावर आला तो इथेच. १८८४ साली लामार्कस थॉम्प्सनने इथे स्विचबॅक रेल्वे बांधली. तिकीट पाच सेंट, वेग ताशी जेमतेम दहा किलोमीटर, म्हणजे आपल्या हिंजवडी फाट्यावर संध्याकाळी सहा वाजता असतो तेवढा. त्याच जागी १९२७ साली सायक्लोन उभा राहिला. उंची ८५ फूट, पहिला उतार जवळपास ६० अंशांचा, वेग ताशी सुमारे ९५ किलोमीटर. डब्यांना मोटर वगैरे काही नाही. साखळी वर ओढून नेते आणि देते सोडून, पुढचं गुरुत्वाकर्षण बघून घेतं. सांगाडा पोलादी आहे, पण ट्रॅक म्हणजे फळ्यांचे थरावर थर आणि वर पोलादी पट्टी. लाकूड दबतं, हलतं, म्हणून तो खडखडाट.

शेजारी आणखी दोन होते. टोर्नेडो (१९२६) १९७७ च्या आगीत गेला. थंडरबोल्ट (१९२५) भारी होता. त्याच्याखाली चक्क एक घर होतं, माणसं राहायची! वुडी ॲलनच्या 'ॲनी हॉल'मध्ये नायकाचं बालपण त्याच घरात दाखवलंय. १९८२ मध्ये तो बंद पडला, गंजला, वेलींनी झाकला आणि २००० साली शहराने बुलडोझर लावून पाडला.

खरं तर पाळी आधी सायक्लोनची होती. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तो शहराच्याच मालकीचा होता आणि पलीकडच्या मत्स्यालयाला वाढायला जागा हवी होती. लोकांनी आरडाओरडा केला. शेवटी तो शेजारच्या पार्कला चालवायला दिला, डागडुजी झाली आणि १९७५ मध्ये पुन्हा सुरू झाला. १९८८ मध्ये शहराने त्याला वारसा म्हणून जाहीर केलं, १९९१ मध्ये देशाने.

म्हणजे एकच शहर, एक कोस्टर जपतं आणि दुसरा पाडतं! कायद्याचं संरक्षण एकाला होतं, दुसऱ्याला नव्हतं, हे खरंच. पण मला वाटतं त्याहून मोठा फरक म्हणजे सायक्लोन चालू होता. रोज लोक बसतात म्हटल्यावर खराब फळी बदलावीच लागते. थंडरबोल्टला अठरा वर्षं कोणी हात लावला नाही. आमच्या प्रोजेक्टवरची म्हातारी कोबोल सिस्टिमसुद्धा अशीच टिकलीय, रोज रात्री बॅच पळते म्हणून.

असो. बसलो शेवटी, मागच्या डब्यात. रूममेट बोंबलत होता आणि मी बोल्ट मोजत होतो.