उरलेल्याचा हिशेब

पगाराचा तिसरा हिस्सा घरभाड्यात गेला, उरलेल्याचे 25 टक्के किराण्यात, शेवटी इतके रुपये शिल्लक. तर पगार किती? शाळेतल्या या उदाहरणाचे कूळ दोन हजार वर्षांपलीकडे जाते.

हान काळातल्या ‘नऊ अध्याय’ या चिनी ग्रंथात एक माणूस तांदूळ घेऊन तीन नाके ओलांडतो. पहिल्या नाक्यावर तिसरा हिस्सा कर, दुसऱ्यावर उरलेल्याचा पाचवा, तिसऱ्यावर उरलेल्याचा सातवा. हाती 5 दौ तांदूळ राहतो. रीत अशी: 5 ला 3, 5 आणि 7 ने गुणा, मग 2, 4 आणि 6 यांच्या गुणाकाराने भागा. म्हणजे मूळचा तांदूळ 11 दौंहून थोडा कमी. प्रत्येक नाका समोर आलेल्या मालावर कर घेतो. म्हणून हिस्सेही उरलेल्याचेच काढायचे.

आपल्याकडे या जातीला स्वतंत्र नाव मिळाले: शेषजाती. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, इ. स. 850च्या सुमारास, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रहा’त तिचा नियम सांगितला. प्रत्येक अपूर्णांक 1 मधून वजा करा, आलेल्या संख्यांचा गुणाकार करा आणि शिल्लक रकमेला त्याने भागा.

भास्कराचार्यांच्या 1150 सालच्या ‘लीलावती’त हेच गणित यात्रेला निघते. यात्रेकरू प्रयागला निम्मे धन देतो, काशीला उरलेल्याचे दोन नवमांश, वाटेत जकातीपायी उरलेल्याचा चौथा हिस्सा, गयेला उरलेल्याचे सहा दशांश. 63 निष्क घेऊन तो घरी परततो. भास्कराचार्य इथे इष्टकर्म वापरतात: मूळ धन 1 धरायचे. मग प्रत्येक ठिकाणी मागे राहते 1/2, 7/9, 3/4 आणि 4/10, गुणाकार 7/60. त्याने 63 ला भागले की 540 निष्क. ताळा पाहा: 540, 270, 210, 157.5 आणि 63.

शेकडेवारीने फक्त छेद 100 केला. रीत तीच राहिली. 20 टक्के सवलतीनंतर आणखी 10 टक्के म्हणजे 30 टक्के नव्हे. उरते 0.8 × 0.9, म्हणजे 72 टक्के. खरी सवलत 28. मुलांना हे गणित शिकवताना ‘किती गेले’ यापेक्षा ‘किती उरले’ हे आधी विचारायला लावावे. गेलेल्या हिस्स्यांची बेरीज इथे फसवते, उरलेल्यांचा गुणाकार मूळ रकमेपर्यंत नेतो.