कृत्तिकांभोवतीची धूळ

मार्गशीर्षातल्या रात्री हिंगोली किंवा औंढा नागनाथहून पाहिले, तर कृत्तिका मध्यरात्रीच्या आधीच जवळजवळ डोक्यावर येतात. (हिंगोलीचे अक्षांश सुमारे १९.७ उत्तर, कृत्तिकांची क्रांती सुमारे २४ अंश उत्तर. वजाबाकी विद्यार्थ्यांकडून करवून घ्यावी.) नुसत्या डोळ्यांना सहा-सात तारका दिसतात. त्यांच्याभोवती जे धुरकट आवरण आहे, ते मात्र दिसत नाही.

१८५९ साली टेम्पेल या निरीक्षकाला व्हेनिसमध्ये लहानशा दुर्बिणीतून त्यांतल्या मेरोपी ताऱ्याजवळ अंधूक डाग दिसला. मग वाद सुरू झाला. काहींना तो दिसे, काहींना दिसत नसे. तेजस्वी ताऱ्याशेजारची अंधूक वस्तू खरी, की भिंगातून विखुरलेला ताऱ्याचाच प्रकाश, हे डोळ्याने ठरवणे अवघड. १८८५ मध्ये पॅरिसच्या आँरी बंधूंच्या छायाचित्रात माया ताऱ्याजवळ असाच तेजोमेघ उमटला. तो तर त्याआधी कोणी पाहिलाच नव्हता. डोळा प्रकाश साठवत नाही, काच साठवते. पुढच्याच वर्षी आयझॅक रॉबर्ट्स यांनी लिव्हरपूलजवळून तासन् तास काच उघडी ठेवून चित्र घेतले आणि अनेक तारे धाग्यांसारख्या मेघांत गुरफटलेले दिसले.

रॉबर्ट्स यांची दुर्बीण डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्यातली, २० इंची आरशाची होती. त्याच कारखान्याची, तेवढ्याच आकाराची दुर्बीण पुण्यातही आली. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून विज्ञान महाविद्यालयात उभ्या राहिलेल्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेत, १८८८ मध्ये. प्रमुख होते कावसजी दादाभाई नायगामवाला. त्यांनी मृगातल्या तेजोमेघाचा वर्णपट तपासला. लॉकियर यांच्या मते तेजोमेघ म्हणजे उल्कांचे थवे, आणि त्यांच्या वर्णपटातली मुख्य हिरवी रेषा म्हणजे मॅग्नेशियमच्या पट्ट्याचा अवशेष. तसे असते तर रेषेची एक कड पुसट दिसायला हवी होती. नायगामवालांना ती नेहमी तीक्ष्णच दिसली. ती ऑक्सिजनच्या आयनांची, हे १९२७ मध्ये बोवेन यांनी दाखवले.

मृगातला मेघ वायूचा. मग कृत्तिकांचा कशाचा? इथे छायाचित्रणाची अडचण आडवी येई. ताऱ्याचा झगझगीत प्रकाश काचेच्या मागच्या पृष्ठावरून परतून लेपात शिरे आणि ताऱ्याभोवती खोटे वलय उमटे. त्यावर उपाय अगदी साधा होता: काचेच्या पाठीवर काळसर लेप द्यायचा. तरीही ताऱ्याला अगदी खेटून जे असे, ते ताऱ्याच्या डागातच बुडून जाई.

निर्णय वर्णपटाने दिला. डिसेंबर १९१२ मध्ये लॉवेल वेधशाळेत स्लायफर यांनी मेरोपीजवळच्या मेघाचा वर्णपट अनेक तास काच उघडी ठेवून मिळवला. त्यात वायूच्या तेजस्वी रेषा नव्हत्या. ताऱ्याच्याच वर्णपटाची ती फिकट नक्कल होती. म्हणजे मेघ स्वतः प्रकाशत नाही; त्यातले धूलिकण ताऱ्याचा प्रकाश विखुरतात. सूक्ष्म कण निळा प्रकाश अधिक विखुरतात, म्हणून रंगीत चित्रांत तो निळा दिसतो. योगायोग असा की त्याच १९१२ साली नायगामवाला निवृत्त झाले, पुण्याची वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली.

ही धूळ कृत्तिकांच्या जन्मावेळची उरलेली, असे अजूनही पुस्तकांत आढळते. शिकवताना ते वगळावे. कृत्तिकांचे वय सुमारे दहा कोटी वर्षे आहे. जन्मावेळची धूळ केव्हाच पांगली असणार. शिवाय मेघाचा वेग ताऱ्यांच्या वेगाशी जुळत नाही. तारे आपल्या वाटेवर भेटलेल्या एका मेघातून जात आहेत.

मेरोपीला अगदी लागून असलेला एक तुकडा बार्नार्ड यांना १८९० मध्ये लिक वेधशाळेच्या ३६ इंची दुर्बिणीतून डोळ्यानेच सापडला. छायाचित्रांत तो ताऱ्याच्या झगमगाटात हरवे. त्याचे हबल दुर्बिणीने घेतलेले चित्र २००० साली प्रसिद्ध झाले. त्यातही मेरोपी चौकटीबाहेरच ठेवली आहे, आणि तरी कोपऱ्यातून तिच्या प्रकाशाच्या रंगीत तिरिपा आत आल्या आहेत. त्या आकाशातल्या नव्हेत, दुर्बिणीतल्या आहेत.