नंदुरबारच्या शिवारातला सोळा आण्यांचा हिशेब

खरिपाची काढणी सुरू झाली की आमच्या नंदुरबार जिल्ह्यात चावडीवर, पारावर एकच प्रश्न फिरायचा, अजूनही फिरतो: यंदा पैसेवारी किती लागली? पन्नासच्या वर की खाली? पैसेवारी म्हणजे नेहमीचं चांगलं पीक शंभर पैसे धरून यंदा त्यातलं किती आलं, याचा आकडा. पन्नास पैशांच्या खाली गेलेल्या गावाला शेतसाऱ्यात सूट, कर्जवसुलीला स्थगिती, मुलांची परीक्षा फी माफ अशा सवलतींची आशा असायची. एक्कावन्न लागले की ती संपली. गावाच्या वर्षभराच्या मेहनतीवर असा एका आकड्याने निकाल लागायचा.

मी शहादा तालुक्यातल्या तापीकाठच्या शेतकरी घरात वाढलो. पुढे कृषी सहायक म्हणून नवापूर, तळोदा आणि अक्राणी भागात पीक कापणीचे प्रयोग केले. त्यामुळे हा आकडा मी दोन्ही बाजूंनी पाहिला आहे, वावरात उभं राहून आणि तक्ता भरताना. त्याचा इतिहास आपल्या शेतकऱ्यांना माहीत असावा असं मला मनापासून वाटतं, कारण या इतिहासात सरासरीवरून झालेली भांडणं आहेत आणि ती भांडणं अजून मिटलेली नाहीत.

१८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला. जमिनीचा सारा ठरवायचा तर जमिनीची प्रत ठरवायला हवी. मुंबई इलाख्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी ती पद्धत बसवली आणि १८४७ च्या संयुक्त अहवालात तिचे नियम पक्के झाले. मातीची खोली आणि पोत पाहून जमिनीचे नऊ वर्ग पाडले. उत्तम जमीन सोळा आणे, बाकीचे वर्ग उतरत्या आण्यांचे. रुपयाचे सोळा आणे, तसा जमिनीचा कस सोळा आणे. हा हिशेब लोकांना कळणारा होता, पण त्यामागचा हेतू त्यांना संशयास्पद वाटला. १८५२ मध्ये मोजणीची पथकं खानदेशात आली तेव्हा सावदा, फैजपूर, एरंडोल या भागांत शेतकऱ्यांनी त्यांना विरोध केला आणि सरकारने तो फौज पाठवून मोडला. आपली जमीन कोण मोजतं आणि कशासाठी मोजतं, हा प्रश्न खानदेशाने इतक्या आधी विचारला होता.

जमिनीचे आणे एकदा ठरले की तीस वर्षं टिकत. पिकाचे आणे मात्र दर वर्षी ठरवावे लागत. नेहमीचं चांगलं पीक म्हणजे सोळा आणे. यंदा त्यातलं किती आलं, ती आणेवारी. हा आकडा काढायचा तलाठी, सर्कल आणि मामलेदार यांनी, तोही बहुतेक वेळा बांधावरून नजर टाकून. नजर कुणाची, यावर आकडा फिरायचा. सारा वसूल करणाऱ्याच्या डोळ्याला पीक जास्त दिसे, सारा भरणाऱ्याच्या डोळ्याला कमी.

या दोन नजरांमधली सर्वांत मोठी लढाई आमच्या शेजारी, गुजरातेत झाली. १९१७ च्या अतिपावसाने खेडा जिल्ह्यातली पिकं गेली. नियम असा होता की पीक चार आणे किंवा त्याहून कमी आलं, तर त्या वर्षीचा सारा तहकूब व्हावा. शेतकरी म्हणत पीक चार आण्यांच्या आत आहे. अधिकारी म्हणत वर आहे. भारत सेवक समाजाच्या वतीने गोपाळ कृष्ण देवधर, ना. म. जोशी आणि अमृतलाल ठक्कर यांनी गावांत जाऊन चौकशी केली. मार्च १९१८ मध्ये गांधीजींनी सत्याग्रह पुकारला. शाळेच्या पुस्तकात खेडा सत्याग्रह म्हणजे साराबंदी एवढंच येतं. त्याच्या मुळाशी होता तो सरासरी कशी काढायची याचा वाद: कोणती शेतं पाहिली, किती पाहिली, आणि सोळा आणे म्हणजे नेमकं किती धान्य धरलं.

१ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले आणि आणेवारीची पैसेवारी झाली. चार आण्यांचे पंचवीस पैसे झाले, आठ आण्यांचे पन्नास. नजर अंदाज, मग सुधारित, मग अंतिम, असे हंगामात तीन आकडे येऊ लागले. नाणं बदललं तरी प्रश्न तोच राहिला. नजरेच्या जागी तराजू आणायचा कसा?

त्याचं उत्तर ज्यांनी दिलं त्यांत मराठी माणसं पुढे होती, याचा मला अभिमान आहे. सुरुवात इंग्रज अधिकारी जे. ए. हबॅक यांनी केली. १९२० च्या दशकात बिहार-ओरिसात त्यांनी भाताच्या शेतांतले छोटे तुकडे चिठ्ठी टाकल्यासारखे निवडून कापले आणि वजन केलं. चाळीसच्या दशकात डॉ. वि. गो. पानसे आणि डॉ. रा. जे. काळमकर यांनी अकोला जिल्ह्यात कापसाच्या पिकावर ही रीत मोठ्या प्रमाणात वापरली. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ मध्ये जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे त्याच काळात दिल्लीत कृषी संशोधन परिषदेत होते. तुकडा फार छोटा घेतला तर उत्पन्न खऱ्यापेक्षा जास्त दिसतं, हे त्यांनी आकड्यांनी दाखवून दिलं. कारण साधं आहे. रेषेवरचं ताट आत धरायचं की बाहेर, असा प्रश्न आला की कापणाऱ्याचा हात ते आतच ओढतो. तुकडा छोटा असेल तर अशी काठावरची ताटं एकूण पिकाच्या मानाने जास्त भरतात. म्हणून तुकडा ३३ फूट बाय साडेसोळा फूट, म्हणजे एकराचा ऐंशीवा भाग, असा ठरला. मेट्रिक मापं आल्यावर बहुतेक धान्यपिकांसाठी तो दहा मीटर बाय पाच मीटर झाला. पानसे आणि सुखात्मे यांचं शेतीसंशोधकांसाठीचं संख्याशास्त्राचं पुस्तक १९५४ मध्ये आलं आणि देशभरातल्या कृषी महाविद्यालयांत शिकवलं गेलं.

मी ज्या रीतीने काम केलं ती हीच. गावाच्या यादीतून सर्व्हे नंबर निवडायचा तो यादृच्छिक आकड्यांच्या तक्त्यावरून. शेतात गेल्यावर नैऋत्य कोपऱ्यावर उभं राहायचं, तक्त्यातल्या एका आकड्याइतकी पावलं लांबीने आणि दुसऱ्या आकड्याइतकी रुंदीने चालायची, तिथे खुंटी ठोकायची आणि दोर ताणायचा. नवापूरकडे शेतकरी विचारायचे, "साहेब, पलीकडे चांगलं उभं आहे, इथे कशाला कापता?" तळोद्याकडे उलट, "भाऊ, अळी पडली त्या बाजूला चला ना." दोघांनाही मी तक्ता दाखवायचो. माझ्या मर्जीने एक पाऊलही इकडेतिकडे टाकायचं नाही, यातच त्या कामाची सगळी इभ्रत होती. मग कापणी, मळणी, वजन, वाळवण आणि वाळल्यावर पुन्हा वजन.

आता पुढची गोष्ट, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. तराजू आला तरी वजनांची सरासरी कशी वाचायची, हे गावाला कुणी शिकवलं नाही. समजण्यापुरतं उदाहरण घेऊ. मक्याचे सहा तुकडे कापले आणि धान्य भरलं ४, ५, ६, ७, ८ आणि २४ किलो. शेवटचं शेत विहिरीचं, ठिबकवरचं. एकूण ५४ किलो, सरासरी ९ किलो. तुकडा पन्नास चौरस मीटरचा, म्हणून दोनशेने गुणायचं: हेक्टरी १८ क्विंटल. प्रमाण उत्पन्न, म्हणजे शंभर पैशांचं पीक, २८ क्विंटल धरलं तर पैसेवारी येते ६४. आता तीच वजनं चढत्या क्रमाने मांडून मधला आकडा घ्या. सहाच्या यादीत मधले दोन, ६ आणि ७. त्यांचा मध्य साडेसहा किलो, म्हणजे हेक्टरी १३ क्विंटल, म्हणजे ४६ पैसे. तीच शेतं, तीच वजनं. एका हिशेबाने गाव सवलतीबाहेर आणि दुसऱ्याने आत. आणि सहापैकी पाच शेतकऱ्यांच्या शेतात सरासरीइतकं पीक नाहीच.

यात सरासरी खोटी नाही. जिल्ह्यात एकूण मका किती आला, हे सरकारला हवं असेल तर सरासरीच लागते. पण गावातल्या सामान्य शेतकऱ्याची काय गत झाली हे विचारायचं असेल, तर मध्यकाकडे, म्हणजे त्या मधल्या आकड्याकडे पाहायला हवं. आणि सर्वांत कमी व सर्वांत जास्त वजनात किती अंतर आहे ते पाहिल्याशिवाय दोन्हींवर विसंबू नये. प्रश्न कोणता, त्यावर आकडा कोणता ते ठरतं.

दुसरा प्रश्न, सरासरी किती मोठ्या मुलखाची? १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झालेला आमचा जिल्हा सहा तालुक्यांचा आहे आणि ते एकमेकांसारखे नाहीत. नवापूर सह्याद्रीच्या उत्तर टोकाशी, भरपूर पावसाचा, भात आणि तुरीचा. अक्राणी सातपुड्यात, उताराच्या जमिनीचा. शहादा तापी-गोमाईच्या काळ्या मातीचा, ऊस, केळी, पपईचा. नंदुरबार तालुका मिरची-कापसाचा आणि पावसाला तहानलेला. नवापुरात धो धो कोसळलं आणि नंदुरबारला ढग नुसते जाऊन गेले, तरी जिल्ह्याची सरासरी 'समाधानकारक' येऊ शकते. ३१ ऑक्टोबर २०२३ ला राज्याने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात आमच्या सहांपैकी फक्त नंदुरबार तालुका होता. हिशेब जिल्ह्याचा केला असता तर तोही झाकला गेला असता. आता तालुक्याच्याही आत, महसूल मंडळापर्यंत पर्जन्यमापक आले आहेत, आणि एका दिवसात ६५ मिलिमीटरची अतिवृष्टीही मंडळावर मोजली जाते. ही दिशा बरोबर आहे. पण मंडळातही वीस-पंचवीस गावं असू शकतात, आणि डोंगराळ मुलखात एका टेकडीच्या दोन बाजूंना वेगळा पाऊस पडतो.

तिसरी गोष्ट, मोजणीबाहेर राहिलेल्यांची. अक्राणी-अक्कलकुव्यातली कित्येक गावं दीर्घकाळ वनगावं होती. तिथे सातबारा नव्हता. सातबारा नाही म्हणजे यादीत सर्व्हे नंबर नाही, आणि नंबर नाही म्हणजे तक्ता त्या शेतापर्यंत पोचतच नाही. नर्मदेच्या खोऱ्यात उतारावर नागली, मोर अशी भरडधान्यं पिकवणाऱ्या घरांचं वर्ष कसं गेलं, हे पिढ्यान्पिढ्या कुठल्याच सरासरीत आलं नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने अनेकांचे दावे मंजूर झाले. त्या जमिनी पिकांच्या नोंदीत पुरत्या याव्यात, ही मागणी मी नोकरीत असताना करत होतो आणि आजही करतो.

२०१६ मध्ये केंद्राने दुष्काळाची नवी संहिता आणली. आता दुष्काळ ठरवताना पाऊस, पेरणी, जमिनीतला ओलावा आणि उपग्रहाने टिपलेली हिरवळ पाहतात; पैसेवारीचा जुना मान गेला. पण शेतात कापून तोललेल्या पिकाचं महत्त्व कमी न होता वाढलं आहे. पीक विम्यात मंडळाचं उंबरठा उत्पादन, ज्याच्या खाली पीक गेलं की भरपाई मिळते ते, मागच्या वर्षांच्या सरासरीवरून काढतात, आणि यंदाचं उत्पादन पीक कापणी प्रयोगांवरून. मंडळात एका मुख्य पिकासाठी किमान दहा प्रयोग. २०२५ च्या खरिपापासून महाराष्ट्रात भरपाई मोठ्या प्रमाणात याच प्रयोगांवर येऊन ठेपली आहे. हजारो खातेदारांचा पैसा बऱ्याच अंशी दहा तुकड्यांच्या वजनावर ठरतो. मग त्या दहा तुकड्यांजवळ गावाने हजर नको का राहायला?

माझी विनंती साधी आहे. तुमच्या गावात प्रयोगाचा दिवस ठरला की शेतावर जा. खुंटी कुठे ठोकली, दोर किती ताणला, ओलं वजन किती, वाळल्यावर किती, हे वहीत लिहा. पैसेवारी चावडीवर लागली की सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त वजन विचारा, मधला आकडा स्वतः काढा, आणि पटलं नाही तर मुदतीत लेखी हरकत द्या. त्यासाठीच ती मुदत असते. गावातल्या शाळेत पर्जन्यमापक बसवून सातवी-आठवीच्या मुलांकडे नोंदवही सोपवा. दहा वर्षांच्या पावसाच्या आणि पिकाच्या नोंदी ज्या गावाकडे असतील, ते गाव पेरणी कधी करायची हेही त्यावरून ठरवील आणि साहेबापुढे आपली बाजूही मांडील. खेडा जिल्ह्याच्या शेतकऱ्यांना १९१८ मध्ये आपलं पीक किती आलं हे सिद्ध करायला सत्याग्रह करावा लागला. आपल्याला एक वही आणि एक तराजू पुरेल, पण ती वही आपण आजपासून लिहायला हवी.