न्यायमूर्तींची फोडलेली पत्रे

नांदूर मधमेश्वर येथून निघणारे गोदावरीचे पाणी कालव्याने आपल्या वैजापूर तालुक्यात येते, हे श्रोत्यांस ठाऊकच आहे. ते ठिकाण निफाड तालुक्यातले. आणि त्याच निफाडात १८ जानेवारी १८४२ रोजी महादेव गोविंद रानडे जन्मास आले. समाजसुधारक व अर्थशास्त्रज्ञ म्हणून त्यांची थोरवी आपण ऐकत आलो आहोत. आज विचार करावयाचा आहे तो त्यांच्या चरित्रातील एका निराळ्या प्रकरणाचा. सरकारने स्वतःच नेमलेल्या न्यायाधीशावर सरकारनेच पाळत ठेवली, ते हे प्रकरण होय.

१८७१ पासून रानडे पुण्यात न्यायाधीश होते. दिवसा कचेरीत निवाडे करावे आणि उरलेल्या वेळात सार्वजनिक सभेच्या कामास हातभार लावावा, असा त्यांचा क्रम होता. १८७६-७७ च्या दुष्काळात सभेने रयतेचे हाल वेशीवर टांगले, तेव्हापासून सरकारच्या मनात किंतु आला. १८७८ साली त्यांची नाशिकला बदली झाली. पुढच्याच वर्षी वासुदेव बळवंत फडके यांचे बंड उठले. मे महिन्यात पुण्याचे बुधवार वाडा व विश्रामबाग वाडा आगीत सापडले. लगेच रानड्यांना धुळ्यास जाण्याचा हुकूम आला.

धुळ्यास त्यांची पत्रे उशिरा व फोडलेली येऊ लागली. रमाबाईंनी आपल्या आठवणींत हा प्रकार नोंदविला आहे. बंडखोरांच्या नावाची बनावट पत्रेही येत. रानडे ती तशीच अधिकाऱ्यांच्या हवाली करीत. पुढे पोलन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने संशय फिटल्याचे त्यांस सांगितले. १८९३ साली तेच रानडे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले.

शेवट गोड झाला, पण कशामुळे? संशय घेणारे, पत्रे फोडणारे आणि शेवटी निर्दोष ठरविणारे, सारे एकाच सरकारचे नोकर होते. दाद मागण्यास जागा नव्हती. प्रत्यक्ष न्यायाधीशाची ही कथा, तर सामान्य रयतेने कोणाकडे पाहावे? इंग्लंडात मात्र १८४४ साली मॅझिनीची पत्रे फोडल्याचे उघडकीस येताच पार्लमेंटात गदारोळ होऊन चौकशी समित्या नेमल्या गेल्या होत्या. एकाच राज्यकर्त्याचा घरचा न्याय वेगळा आणि दारचा वेगळा!

१८८७ साली हिंदुस्थान सरकारने गुप्त वार्ता गोळा करणारी मध्यवर्ती शाखा उभारली. आजचा गुप्तवार्ता विभाग, ज्याला आपण आय. बी. म्हणतो, आपले मूळ तेथेच सांगतो. ही शाखा सरकारी हुकमाने जन्मली. स्वराज्य आले, राज्यघटना आली. पण या खात्याचे अधिकार व जबाबदारी ठरविणारा स्वतंत्र कायदा अद्याप झालेला नाही.

त्याचे फळ आणीबाणीत दिसले. १९७७ मध्ये नेमलेल्या आयोगाचे अध्यक्ष जे. सी. शहा हे एके काळचे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश व पुढे भारताचे सरन्यायाधीश. गुप्तवार्ता खात्याचा राजकीय कामासाठी गैरवापर होऊ नये म्हणून बंदोबस्त हवा, असे त्यांच्या आयोगाने बजाविले. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने टेलिफोन चोरून ऐकण्यास नियम घालून दिले. परंतु न्यायाधीशाची पूर्वपरवानगी सक्तीची करण्यास कायद्याचा आधार नाही, असे सांगून न्यायालय थांबले. अशा हुकमांची फेरतपासणी करण्याचे काम सचिवांच्या समितीकडे आले. हुकूम सचिवाचा आणि तपासणीही सचिवांचीच! २०१७ साली खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरला, तरी ही व्यवस्था बदलली नाही. उलट ब्रिटनने २०१६ च्या कायद्याने अशा हुकमावर मंत्र्यासोबत न्यायिक आयुक्ताचीही संमती आवश्यक केली.

राज्याला शत्रू असतात, कट होतात, म्हणून गुप्त हेर हवेत, हे कोणीही समंजस माणूस नाकारणार नाही. फडक्यांचे बंड खरे होते. सरकारला चौकशी करणे भागच होते. आक्षेप आहे तो चौकशी करणाऱ्याचीच चौकशी करणारा कोणी नव्हता, याला. पहारेकरी ठेवला तरी किल्ल्यांचा हिशेब घरधन्याने ठेवावा लागतो. लोकराज्यात घरधनी म्हणजे आपण. आणि आपल्या वतीने तो हिशेब विचारण्याचे काम संसदेचे व न्यायालयाचे. आपले प्रतिनिधी मते मागण्यास दारी येतील, तेव्हा रस्ता, पाणी, वीज यांबरोबर हाही एक प्रश्न वैजापूरकरांनी त्यांस अवश्य विचारावा.